उघड्या गाडीचं छत, बोअरचं पाणी आणि पॉलिशचा मोह

प्रश्न : काकांनी हौसेने घेतलेली सॅन स्टॉर्म त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली आहे. दोन सीटांची, कापडी छताची, लाल रंगाची. पुण्यात काकांनी तिला वीस वर्षं जपलं. अकोल्यात येऊन दोनच उन्हाळे झाले आणि बॉनेटवर पांढरे ठिपके उठले, लाल रंग विटका दिसू लागला, छताचं कापड कडक झालं. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, "काही नाही होत भाऊ, दोन घंट्यात आरसा करून देतो." मित्र टेफ्लॉन करायला सांगतो, भाचा सिरॅमिक, आणि आई म्हणते वर ताडपत्री टाकून दे. कोणाचं ऐकू? आणि एक कुतूहल म्हणून विचारतो : पॉलिश केल्यावर गाडीला चमक येते, ती येते कुठून?
– एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : तुमचं कुतूहल आधी घेतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

चमक बाहेरून येत नाही. ती तुमच्या गाडीच्या रंगातूनच काढलेली असते. रंगाचा पृष्ठभाग गुळगुळीत असला की प्रकाश एका दिशेने परततो आणि आपल्याला चमक दिसते. त्यावर बारीक ओरखडे पडले, वरचा थर उन्हाने भाजला की तोच प्रकाश विखुरतो आणि रंग विटका वाटतो. कंपाउंड आणि बफिंग मशीन हा ओरखड्यांचा थर घासून काढतात आणि खालचा ताजा थर वर आणतात. म्हणजे रंग झिजवूनच चमक येते.

झिजवायला आहे किती? आजच्या गाड्यांवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून थर साधारण 100 ते 150 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड धरा. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉन, आणि जोरदार कंपाउंडिंगच्या एका फेरीत त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. एखाद्या वेळी हे चालतं. दर दिवाळीला आणि दर लग्नसराईला केलं तर काय होतं ते मी घरात पाहिलं आहे. माझ्या मामांची पद्मिनी वर्षातून दोनदा "आरसा" होऊन यायची. काही वर्षांनी बॉनेटच्या कडेने प्रायमरची राखाडी रेघ दिसू लागली आणि मग पूर्ण रंगकामाशिवाय इलाज उरला नाही. कडांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, आणि मशीन नेमकं तिथेच जास्त चावतं.

तुमच्या गाडीत आणखी एक गोष्ट आहे. 1990च्या दशकाच्या शेवटी बंगळूरच्या सॅन मोटर्सने ही गाडी आणली तेव्हा तिला रेनोचं 1,149 सीसीचं इंजिन दिलं आणि अंग दिलं फायबरग्लासचं. चुंबक लावून पाहा, चिकटणार नाही. पत्र्याच्या गाडीवर घासताना तयार होणारी उष्णता पत्रा भराभर पसरवतो. फायबरमध्ये ती जागच्या जागी साठते. म्हणून फायबरच्या अंगावर मशीन एका ठिकाणी दोन सेकंद जास्त थांबलं तरी रंग भाजू शकतो. रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्रही इथे चालत नाही, कारण त्याला खाली धातू लागतो. फायबरसाठी अल्ट्रासॉनिक यंत्र हवं. ते ज्याच्याकडे नाही तो आंधळेपणाने घासणार. दोन घंट्यांचा आरसा या गाडीसाठी नाही, हे माझं स्वच्छ मत.

घरच्या घरी एक परीक्षा मात्र करा. दाराच्या आतल्या कडेला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा. फडकं लाल झालं तर वर क्लिअर कोट नाही, रंग थेट उघडा आहे. लाल रंग असा उघडा असला की उन्हाने लवकर विटतो. अशा रंगाला सगळ्यात सौम्य पॉलिश, तेही हाताने, आणि त्यावर लगेच संरक्षक थर, एवढंच चालतं. फडकं पांढरंच राहिलं तर क्लिअर कोट शाबूत आहे.

आता ठिपक्यांकडे येऊ. त्यांचा दोष उन्हाइतकाच पाण्याचाही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा तुम्हाला सांगायला नको. अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरला आहे, आणि शहरातल्या बोअरचं पाणीही बहुतेक ठिकाणी जडच. कूलरच्या गवताच्या जाळीवर एका मोसमात जो पांढरा खडा जमतो, तोच तुमच्या बॉनेटवर थेंबाथेंबाने जमतो आहे. थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की तापलेल्या बॉनेटवरचा थेंब मिनिटभरात वाळतो आणि त्यातले क्षार रंगात रुतून बसतात. तसाच ठिपका महिनोन्महिने राहिला की तो रंग खात खाली उतरतो, आणि मग तो धुऊन जात नाही.

पाण्यातले क्षार मोजणं सोपं आहे. आरओ मशीन दुरुस्त करायला येणाऱ्याकडे टीडीएस मीटर असतोच. त्याच्याकडून बोअरचं आणि नळाचं असं दोन्ही पाणी मोजून घ्या. आकडा हजाराच्या आसपास असेल तर ते पाणी गाडीवर नको. काटेपूर्णेचं, म्हणजे महानच्या धरणाचं नळाचं पाणी त्याहून खूप बरं, पण अकोल्यात नळ रोज येत नाही, त्यामुळे गाडीसाठी दोन बादल्या आधीच भरून ठेवाव्या लागतील. सगळ्यात उत्तम पाणी पावसाचं. गच्चीवरचं पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी वाहून जाऊ द्या आणि मग एक टाकी भरून झाकून ठेवा. क्षार जवळजवळ नसल्याने ते वाळलं तरी डाग पडत नाही. एक चूक बऱ्याच चांगल्या घरांत होते. आरओतून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी, फुकट जाऊ नये म्हणून, गाडी धुवायला वापरतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते संडासात ओता, फरशीला वापरा, गाडीला नको.

आता बसलेले ठिपके काढायचे. गाडी सावलीत, हाताला गार लागेल इतकी थंड असावी. पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी एकत्र करून त्यात फडकं बुडवा आणि ते ठिपक्यावर मिनिटभर ठेवा, घासू नका. मग भरपूर चांगल्या पाण्याने धुऊन टाका. चुन्याचे ठिपके यात विरघळतात. दोन खेपांत जे गेले नाहीत ते रंगात उतरलेले आहेत. त्यांच्या मागे लागून अख्खं बॉनेट घासण्यापेक्षा ते राहू द्या. काकांच्या गाडीवर चार ठिपके राहिले तर बिघडत नाही.

धुणं ही ओरखड्यांची सगळ्यात मोठी खाण आहे. आपल्याकडे उन्हाळी वावटळीत काळ्या रानाची माती तर उडतेच, तिच्यात रस्त्याच्या कामावरची बेसाल्टची चुरीही असते, आणि ती रंगापेक्षा कितीतरी कठीण. गाडीवर धूळ असताना कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. पिसांचा झाडू, सकाळी सकाळी वर्तमानपत्राने काच पुसणं, हे सगळं बंद करा. आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवा, मगच हात लावा. यासाठी कृषी केंद्रात मिळणारा दोन लिटरचा हातपंप फार कामाचा आहे, पाणीही कमी लागतं. फक्त पंप नवा घ्या. कपाशीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी गाडीला आणि घरच्या माणसांना नको. मग एका बादलीत कार शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी, आणि जाड मायक्रोफायबरचं फडकं. वरून खाली यायचं, दर वेळी फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग शॅम्पूत. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण दोन्ही वर्ज्य. शेवटी लगेच टिपून कोरडं करा. हे सगळं सूर्य उगवायच्या आत किंवा मावळल्यावर.

टेफ्लॉनबद्दल तुमच्या मित्राला एवढंच सांगा, टेफ्लॉन 327 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तव्यावरचा त्याचा थर भट्टीत भाजून बसवलेला असतो. गाडी भट्टीत घालता येत नाही. वॉशिंग सेंटरमध्ये त्या नावाने जे लावतात ते मुख्यतः मेण किंवा सीलंट असतं. ते वाईट नाही, पण नावाची जादा किंमत देऊ नका. भाच्याचं सिरॅमिक खरं आहे. त्यातली सिलिका रंगाला घट्ट धरते आणि एक-दोन वर्षं टिकते. मात्र ते लावायच्या आधी रंग घासून निर्दोष करावा लागतो, नाहीतर दोष त्याच्याखाली कोंडले जातात. पातळ झालेल्या जुन्या रंगाला तेवढं घासणं मला मान्य नाही. शिवाय सिरॅमिकवर पाणी मोत्यासारखं गोळा होतं आणि जड पाण्याचा तो मोती वाळला की ठिपका आणखी ठसठशीत उठतो. तुमच्या गाडीला मी साधं सिंथेटिक सीलंट सुचवतो, हाताने लावायचं, दर तीन महिन्यांनी. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरचं कार्नाउबा मेण सुंदर दिसतं, ते साधारण 83 अंशांना वितळतं. पण गडद रंगाचं बॉनेट आपल्या मेमधल्या दुपारी 70 अंशांच्या घरात जातं, तिथे ते वितळलं नाही तरी मऊ पडतं आणि फार दिवस टिकत नाही. थंडीत हौस म्हणून लावा.

छताचा विषय मला सगळ्यात जवळचा आहे, कारण कापसाच्या गावाला कापडी छत जपता येऊ नये हे मनाला पटत नाही. चांगल्या हूडचं कापड एकेरी नसतं. वर आणि खाली कापड, मध्ये रबराचा थर. चार्ल्स मॅकिन्टॉशने 1823 साली रेनकोटसाठी जे पेटंट घेतलं त्याचीच ही पुढची पिढी. वरचं कापड कडक झालं तरी आतलं रबर शाबूत असेल तर छत वाचतं. आधी पाहा, छत कापडाचं आहे की रेक्झिनसारख्या व्हिनाइलचं. कापड असेल तर मऊ ब्रश, सौम्य साबण, विणीच्या दिशेने हलका हात, भरपूर पाणी, सावलीत वाळवणं, आणि पूर्ण वाळल्यावर कापडासाठीचं पाणी झटकणारं फवारणी द्रव्य. व्हिनाइल असेल तर उन्हापासून वाचवणारं, तेलकट नसलेलं द्रव्य. डिझेल, रॉकेल, खोबरेल तेल यातलं काहीही छताला किंवा दारांच्या रबरी पट्ट्यांना लावू नका. तेल रबर फुगवतं आणि वर धूळ धरून ठेवतं. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरे.

गाडी उभी असताना छत चढवलेलं असू द्या. महिनोन्महिने दुमडून ठेवलेलं कापड आखडतं आणि घडीवर फाटतं. ओलं छत तर एक रात्रही दुमडू नका. श्रावणात राजेश्वराला कावड निघते त्या दिवसांतल्या दमट हवेत बुरशी दोन दिवसांत धरते. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर ती कोरडी पुसू नका आणि छत दुमडताना तिच्या घडीत मऊ फडकं घाला. छताच्या बुडाशी पाणी वाहून जायची भोकं असतील तर ती पावसाळ्याआधी मोकळी करा. जठारपेठेत अंगणात कडुनिंब असेलच. त्याची पानं या भोकांत अडकतात, पाणी गालिच्याखाली मुरतं आणि गंज धरतो. फायबर गंजत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. खालची चौकट, बिजागऱ्या, बोल्ट, सीटचे रूळ पोलादाचेच आहेत.

आता आईंच्या ताडपत्रीचं. झाकायची त्यांची सूचना बरोबर आहे, फक्त साहित्य बदला. ताडपत्री आणि चंदेरी प्लास्टिकचं कव्हर खाली दमट हवा कोंडतात, वाऱ्याने हलतात आणि आत अडकलेली धूळ रंगावर घासत राहते. गाडी जिथे उभी असते त्या जागेवर रोपवाटिकेत वापरतात तसं 75 टक्क्यांचं शेडनेट ताणून बांधा, छताला आणि गाडीला न टेकेल अशा उंचीवर. खाली गाडी स्वच्छ असेल तेव्हाच, आणि फक्त तेव्हाच, सुती कव्हर घाला. सीटांवर आणि डॅशबोर्डवर मांजरपाटाचं धुतलेलं कापड अंथरा. उघड्या गाडीत ऊन थेट आसनावर पडतं, आणि चिरलेलं चामडं पुन्हा सांधता येत नाही.

कागदपत्रांचंही पाहून घ्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. गाडी पुण्याच्या नंबरची असेल आणि मालक काकाच असतील, तर नाव आणि पत्ता बदलण्याचं काम अकोल्याच्या परिवहन कार्यालयात आधी उरका. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून मिळणारी व्हिंटेज नोंदणी तुमच्या गाडीला अजून बरीच वर्षं लागू होणार नाही.

या रविवारी पहाटे एवढंच करा : पाणी मोजलेलं असेल तर गाडी चांगल्या पाण्याने एकदा धुवा, दाराच्या कडेला पांढऱ्या फडक्याची परीक्षा घ्या, आणि छताच्या बुडाशी हात घालून निंबाची पानं काढा. फडकं लाल निघालं की पांढरं, ते मला जरूर कळवा. पॉलिश कोणतं घ्यायचं ते त्यावरून सांगतो. तोवर मशीन लावू देऊ नका.