अल्सर : प्रत्येक जळजळ म्हणजे 'पित्त' नव्हे

छातीत-पोटात जळजळ झाली, आंबट ढेकर आले की आपण 'पित्त झाले' म्हणून मोकळे होतो. पण जठराच्या अस्तराला सूज आली तर तो जठरदाह, आणि तेथे जखम झाली तर तो जठरव्रण म्हणजेच अल्सर. जखम खोल जाऊन रक्तवाहिनी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो व तो जिवावर बेतू शकतो.

पूर्वी सारा दोष तिखटाला आणि काळजीला दिला जाई. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. वॉरेन व डॉ. मार्शल यांनी जठरात राहणारे 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' हे जंतू शोधले. डॉ. मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन पाहिले व त्यांना जठरदाह झाला. या शोधाला २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता अशा अल्सरवर साधारणपणे १४ दिवसांचा औषधोपचार पुरतो. मात्र तो अर्धवट सोडू नये.

दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. माझ्याकडे आलेले एक साठीचे शेतकरी गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत होते. शौचाला काळे होऊ लागले, तेव्हा काहीतरी बाधले असेल म्हणून ते गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन सहावर आले होते. पोटात मात्र कधीच दुखले नव्हते! या गोळ्यांचा अल्सर न दुखताही वाढतो. जेवणानंतर गोळी घेतली म्हणजे धोका टळला, असेही नाही. ही औषधे रक्तावाटे जठराचे संरक्षण कमी करतात. म्हणून इंजेक्शननेही अल्सर होऊ शकतो.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या टाळाव्यात. त्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.
२) हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन परस्पर बंद करू नये. पूर्वी अल्सर झाला असल्यास तसे डॉक्टरांना सांगावे.
३) तंबाखू, बिडी, दारू सोडावी. जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुवावेत, शुद्ध पाणी प्यावे.
४) दुधाने तात्पुरते बरे वाटते, पण अल्सर भरून येत नाही.

डांबरासारखे काळे, चिकट शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, घाम येऊन चक्कर यापैकी काहीही झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण शंका असल्यास तपासून घ्यावे. विनाकारण वजन घटणे, घास अडकणे, किंवा वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच असा त्रास सुरू होणे, अशा वेळी दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. या तपासणीला काही मिनिटेच लागतात आणि जठराचा कर्करोगही वेळेत कळू शकतो.