नवी इमारत झाली, मग विमान लहानच का?

प्रश्न : कोल्हापूर विमानतळाची नवी इमारत झाली, रात्री विमान उतरवण्याची सोय झाली, धावपट्टी वाढवण्याचं तर वर्षानुवर्षं ऐकतोय. तरीही येणारी विमानं बहुतेक लहानच, त्यातही पंख्याची. मोठं विमान यायला नेमकं अडतं कुठे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : इमारतीपाशी अडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं. पुण्याच्या लोहगावच्या नव्या टर्मिनलचंही त्याच दिवशी झालं. कमानींचा दर्शनी भाग कोल्हापूरच्या जुन्या वास्तूंशी नातं सांगणारा आहे आणि जुन्या इमारतीत दाटीवाटीनं उभं राहिलेल्यांना आतला ऐसपैसपणा लगेच जाणवतो. पण वैमानिकाचा इमारतीशी संबंध विमान उभं केल्यावर येतो. त्याआधी त्याला लागते धावपट्टी, आणि खरा हिशेब तिथेच आहे.

हा विमानतळ नवा नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली तो सुरू झाला. अलीकडच्या विस्ताराआधी धावपट्टी १३७० मीटर होती. ती टप्प्याटप्प्यानं वाढवत २३०० मीटरपर्यंत न्यायचं ठरलं आहे. आता १३७० आणि २३०० या आकड्यांमध्ये काय दडलंय ते पाहू.

पंख्याचं एटीआर-७२ विमान पूर्ण वजनानिशी, समुद्रसपाटीवर आणि १५ अंश तापमानात उडवायचं तर साधारण साडेतेराशे मीटर धावपट्टी लागते. एअरबस ए-३२० ला साधारण २१०० मीटर लागते. कंपन्या देतात ते हे आकडे. पण कोल्हापूर समुद्रसपाटीवर नाही आणि तिथे १५ अंश तापमान थंडीतल्या पहाटेच मिळतं. विमानतळाची उंची सुमारे ६०० मीटर आहे. उंचीवर हवा विरळ असते, उन्हाळ्यात आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकदही घटते. म्हणून विमानाला जमीन सोडण्याआधी जास्त वेगानं आणि जास्त लांब धावावं लागतं.

यासाठी इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेनं एक ढोबळ नियम दिला आहे. दर ३०० मीटर उंचीमागे धावपट्टी ७ टक्क्यांनी वाढवा, मग त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. कोल्हापुरात उंचीचे १४ टक्के झाले. ६०० मीटरवरचं प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश धरले तरी २४ टक्के आणखी. एटीआरचे साडेतेराशे मीटर असे एकोणीसशेच्या घरात जातात आणि एअरबसचे २१०० जवळजवळ तीन हजारांवर. जुन्या १३७० मीटरवर एटीआरदेखील भर उन्हाळ्यात पूर्ण वजन घेऊन उडू शकत नव्हतं, ते यामुळे. मग वजन कमी करायचं, म्हणजे काही आसनं रिकामी ठेवायची किंवा सामान मागे ठेवायचं. तिकीट विकता येत असूनही ते विकायचं नाही, हे कोणत्या कंपनीला परवडेल?

मग २३०० मीटरवर एअरबस कसं चालेल, असं तुम्ही विचाराल. हैदराबाद किंवा मुंबईला जाणारं विमान टाकीभर इंधन घेत नाही. तासाभराच्या उड्डाणाला वजन बरंच कमी असतं, त्यामुळे तेवढी लांबी पुरू शकते. दिल्लीसारख्या लांबच्या पल्ल्याला मात्र हिशेब पुन्हा घट्ट होईल.

लांबी वाढवायची म्हणजे नुसतं डांबर पुढे नेणं नव्हे. धावपट्टी संपल्यावर दोन्ही टोकांना ६० मीटर मोकळी पट्टी लागते आणि तिच्यापुढे सुरक्षा क्षेत्र, किमान ९० मीटर, शक्य तिथे २४० मीटर. विमान चुकून पुढे घसरलं तर थांबायला जागा असावी, एवढाच त्याचा उद्देश, आणि त्यात तडजोड नको. त्याच्याही पुढे उतरण्याच्या वाटेतले विजेचे खांब, उंच झाडं, पाण्याच्या टाक्या हलवाव्या लागतात. प्रत्येक गोष्टीसाठी जमीन आली, आणि जमीन आली की शेतकऱ्याचा मोबदला आला. विमानतळाला उशीर का, याचं उत्तर पुष्कळदा सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं. ज्यांची शेती जाते त्यांना रास्त दर वेळेवर मिळाला तर हा उशीर निम्म्यानं कमी होईल, असं माझं ठाम मत आहे.

अग्निशमनाचंही गणित आहे. विमान जितकं लांब तितकी विमानतळाच्या अग्निशमन दलाची श्रेणी वरची लागते. २७ मीटर लांबीच्या एटीआरला पाचवी श्रेणी पुरते, साडेसदतीस मीटरच्या एअरबसला सहावी लागते. म्हणजे जास्त पाणी, जास्त फेस, अधिक गाड्या आणि अधिक माणसं.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘लहानच’ या शब्दाबद्दल. पंख्याच्या विमानाला कमी लेखू नका. आपल्याकडे ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरणावळ द्यावी लागत नाही. इंडिगोच्या एटीआरमध्ये ७८ आसनं असतात, म्हणजे तेही या सवलतीत बसतं. इंधन जेटपेक्षा बरंच कमी लागतं. या विमानाचा जिना त्याच्या मागच्या दारातच असतो, त्यामुळे चढायला वेगळी शिडी ओढत आणावी लागत नाही. उजळाईवाडीला उभ्या एटीआरकडे नीट पाहिलंत तर कधीकधी दिसेल की दोन्ही पंखे थांबलेले आहेत, पण उजव्या बाजूच्या इंजिनाचा आवाज चालू आहे. तो पंखा ब्रेक लावून धरलेला असतो आणि इंजिन तेवढ्या वेळात विमानाला वीज नि गार हवा पुरवतं. जमिनीवर जनित्राची गाडी नसली तरी काम भागतं. लहान गावांच्या विमानतळांसाठीच जणू हे विमान घडवलं आहे.

मार्ग टिकतो तो प्रवाशांमुळे, हेही कोल्हापूरनं दाखवलंय. हैदराबाद आणि बेंगळुरूची सेवा डिसेंबर २०१८ मध्ये अलायन्स एअरनं सुरू केली, २०१९ मध्ये तिरुपतीचं विमान आलं. तिरुपतीला जाऊन आलेला भाविक अंबाबाईचं दर्शन घेतो, नवरात्रात तिरुमलाहून देवीला शालू येतो, हरिप्रिया एक्सप्रेस वर्षानुवर्षं याच लोकांना ने-आण करते. त्यांच्या जोडीला इचलकरंजीचे कापडवाले आणि शिरोली, गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले. विमानतळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच आहे. म्हणून मला विचाराल तर आठवड्यातून तीनदा येणाऱ्या एका एअरबसपेक्षा रोज सकाळी जाणारं आणि संध्याकाळी परतणारं एटीआर कोल्हापूरच्या जास्त उपयोगाचं. सकाळी मुंबईत काम उरकून रात्री घरी जेवायला येता आलं, तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्र काढणारा व्यापारी विमानाकडे वळेल. दिवसाआड येणाऱ्या विमानावर कुणी धंद्याची आखणी करत नाही.

प्रश्न : सिंधुदुर्गात चिपीला विमानतळ झाला, मुंबईचं विमान सुरू झालं आणि तीन वर्षांनी बंद पडलं. इतर ठिकाणीही असंच ऐकतो. यात दोष कुणाचा? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : तीन वर्षांनी, हे तुम्ही अचूक टिपलंत. चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं, मुंबईची सेवा उडान योजनेतून सुरू झाली आणि २०२४ च्या अखेरीस मुदत संपताना थांबली. उडान म्हणजे ‘उडे देश का आम नागरिक’. तिची रचना अशी : कंपनीनं ठरावीक आसनं, साधारण निम्मी, ठरवून दिलेल्या भाड्यात विकायची. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २५०० रुपये असा दर होता. त्यात जो तोटा येईल तो सरकार तीन वर्षं भरून देणार. त्यातला मोठा वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षं दुसरी कंपनी येणार नाही आणि राज्य विमान इंधनावरचा कर १ टक्क्यावर आणणार.

योजनेमागचा विचार चांगला होता आणि आहे. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली विमानाबरोबर नांदेड–हैदराबादचंही उड्डाण झालं, म्हणजे मराठवाडा पहिल्या दिवसापासून या योजनेत आहे. पण तीन वर्षांनी अनुदान थांबल्यावर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहावा, ही अपेक्षा फार थोड्या ठिकाणी पुरी झाली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, २०२३ च्या अहवालात हे आकड्यांत मांडलं. पहिल्या तीन फेऱ्यांत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४.

याचा दोष एकट्या कंपनीवर टाकता येत नाही. चिपीचीच अडचण घ्या. जानेवारी २०२३ पासून गोव्यात मोपाचा विमानतळ चालू झाला आणि दक्षिण सिंधुदुर्गातल्या प्रवाशाला तिथे देशभरची विमानं मिळू लागली. चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो, तेव्हा विमान भरतं. श्रावणाआधीच्या धो धो पावसात कोण येणार? आणि मुंबईतली जागा? मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. उतरण्या-उडण्याच्या प्रत्येक वेळेसाठी, ज्याला स्लॉट म्हणतात, कंपन्यांची रांग असते. ७० आसनांच्या विमानाला सोयीची सकाळची वेळ मिळणं दुरापास्त. मग विमान भरदुपारी येतं, प्रवाशाचा दिवस जातो आणि तो पुढच्या वेळी कोकण रेल्वेनं जातो.

इथे खरी आशा नवी मुंबईच्या विमानतळाकडून आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा राज्यातल्या लहान विमानतळांसाठी राखून ठेवाव्यात, नंतर नाही, आत्ताच. एकदा मोठ्या मार्गांनी त्या व्यापल्या की कोल्हापूर, चिपी, अमरावती, सोलापूर, जळगाव पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहतील. महाराष्ट्रातल्या लोकप्रतिनिधींनी दुसरं काही नाही मागितलं तरी चालेल, एवढं मागावं.

प्रश्न : अमरावतीचा बेलोरा विमानतळ सुरू झाल्याचा आनंद आहे. पण लहान विमानतळांवर हवा जरा बिघडली की विमान रद्द होतं असं म्हणतात. मोठ्या शहरात तसं का होत नाही? आणि रद्द झालं तर आमचे पैसे? – एक वाचक, बडनेरा

उत्तर : बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. विदर्भातल्या दुसऱ्या मोठ्या शहराला ती फार आधी मिळायला हवी होती.

हवेचं म्हणाल तर फरक उपकरणांचा असतो. उपकरणांच्या आधारे उतरण्याची सोय नसेल तिथे वैमानिकाला डोळ्यांनी बघून उतरावं लागतं आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे ५ किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं. आयएलएस ही यंत्रणा आणि तिच्या जोडीचे दिवे असतील तर पहिल्या श्रेणीतही धावपट्टीवर ५५० मीटरपर्यंतचं दिसलं तरी उतरता येतं. ५ हजार आणि ५५०! एवढ्या फरकात सकाळचं एक विमान बसतं. आयएलएस महाग आहे आणि तिला जागाही लागते. म्हणून लहान विमानतळांसाठी मला गगन ही यंत्रणा जास्त मोलाची वाटते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मिळून उभारलेली ही उपग्रहावर चालणारी व्यवस्था, जमिनीवर महागडा अँटेना नसतानाही विमानाला उतरण्याची वाट दाखवते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातल्या किशनगडला एटीआर विमान तिच्या आधारे उतरवून दाखवलं गेलं.

पैशांचं सरळ आहे. विमान रद्द झालं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे, कारण हवामान असलं तरी. आधी न कळवता, कंपनीच्या कारणानं रद्द झालं तर त्यावर भरपाई मिळते. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५ हजार, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला साडेसात हजार, त्याहून लांबच्याला १० हजार रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली जी रक्कम कमी असेल ती. धुकं, वादळ अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. रद्द झाल्याचं कारण काउंटरवर लेखी मागा आणि बोर्डिंग पास, संदेश जपून ठेवा. आणि विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर खासदारांच्या अध्यक्षतेखाली सल्लागार समिती असते. तुमच्या भागातल्या समितीला पत्र लिहाल तेव्हा इमारतीची शोभा बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा : धावपट्टीचं काम कोणत्या टप्प्यात आहे, उतरण्याची कोणती यंत्रणा मंजूर आहे, आणि सकाळचं विमान कोणत्या तारखेपासून.