जुन्या मोटारीचा लांबचा प्रवास

मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात अनेक वर्षे धावलेली प्रीमियर पद्मिनी आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना निदान चित्रातून तरी माहीत असेल. इटलीच्या ‘फियाट ११००’ या मोटारीची ही भारतीय आवृत्ती. मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होऊ लागली ती १९६४ मध्ये. ‘पद्मिनी’ हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या टॅक्सींतूनही ती निवृत्त झाली. तरीही हौशी मालकांनी जपलेल्या अशा गाड्या अजून आढळतात. काही जण त्यांत नवे भाग बसवतात आणि लांबच्या प्रवासालाही निघतात.

जुन्या गाडीत सुधारणा करायची म्हटली की मनात पहिला विचार येतो तो जास्त ताकदीच्या एंजिनाचा. हा विचार बरोबर आहे का? याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील एका साध्या नियमात आहे. ऊर्जा नाहीशी होत नाही. तिचे फक्त रूप बदलते. तेव्हा आपण मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, आजरा, आंबोली या मार्गाने गोव्यापर्यंतचा, सुमारे सहाशे किलोमीटरचा प्रवास कागदावर करू आणि वाटेत ऊर्जेचा हिशेब मांडत जाऊ.

आपली मोटार

पद्मिनीच्या एंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा आतील व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून चारही सिलिंडरांचे घनफळ काढून पाहा. उत्तर सुमारे १,०८९ घन सेंटीमीटर येईल. या एंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. एंजिन पुढे असते आणि चालना मागच्या चाकांना मिळते. मूळ गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. गाडीचे वजन साधारण ९०० किलोग्रॅम. चार माणसे आणि सामान धरून आपण एकूण १,२०० किलोग्रॅम मानू.

पहिला टप्पा : घाटाची चढण

खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंचीवर, तर लोणावळा सुमारे ६२० मीटरवर आहे. म्हणजे बोर घाटात आपली मोटार जवळजवळ ५५० मीटर वर चढते. तिला मिळणारी स्थितिज ऊर्जा अशी :

१,२०० × ९.८ × ५५० = सुमारे ६५ लाख ज्यूल.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२० लाख ज्यूल ऊर्जा मिळते. परंतु अशा एंजिनात तिचा साधारण चौथा हिस्साच चाकांच्या कामी येतो. म्हणून केवळ गाडी वर उचलण्यासाठी २६० लाख ज्यूल, म्हणजे सुमारे पाऊण लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागते. उरलेले १९५ लाख ज्यूल उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून, एंजिनाच्या अंगातून आणि रेडिएटरमधून बाहेर जायला हवेत. टायरांच्या व हवेच्या विरोधावर होणारा खर्च आपण यात धरलेलाच नाही.

खरी अडचण इथे येते. सपाट रस्त्यावर भरधाव गाडीच्या रेडिएटरमधून वारा आपोआप वाहतो. घाटात एंजिन जास्त काम करते, पण गाडी हळू चालते. त्यात पुढे मालमोटारींची रांग असेल तर वारा जवळजवळ नाहीच. जुन्या गाडीचा पंखा पट्ट्याने एंजिनाला जोडलेला असतो. एंजिन मंद फिरले की पंखाही मंद. शिवाय सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंश सेल्सिअसलाच उकळते. बंद झाकणाच्या रेडिएटरमध्ये वातावरणापेक्षा अर्धपट जास्त दाब राहिला, तर उकळण्याचे तापमान १११ अंशांपर्यंत जाते. प्रेशर कुकरचेच हे तत्त्व. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरताच आतले पाणी भसकन उकळते आणि वाफ तोंडावर येते.

याच टप्प्यात जुन्या गाडीची दुसरी खोड दिसते. तिचा पेट्रोलचा पंप एंजिनालाच जोडलेला असतो. एंजिन फार तापले की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ खेचत बसतो आणि गाडी बंद पडते. उन्हाळ्यात चालक पंपावर ओले फडके टाकत ते यासाठी. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता फडक्यातले पाणी पंपाकडून घेते. नव्या सुधारणेत पेट्रोलच्या टाकीजवळ विजेचा पंप बसवतात. तो पेट्रोल खेचण्याऐवजी पुढे ढकलतो. नळीतला दाब वाढल्याने वाफ सहज होत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या एंजिनांत शिसे झडपांच्या बैठकांचे झिजेपासून रक्षण करी. आता तेथे कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात. २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्यामुळे नळ्या बदलणे आवश्यक ठरते. नळीतून ठिबकणारे पेट्रोल आणि तापलेले एंजिन यांची गाठ पडली तर काय होईल, ते सांगायला नको.

दुसरा टप्पा : सपाट महामार्ग

पुण्यानंतर खंबाटकीचा घाट सोडला तर कोल्हापूरपर्यंत रस्ता बराचसा मोकळा आहे. येथे वेगाचा मोह होतो. पद्मिनीच्या चाकाचा व्यास साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे परीघ १.८८ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाने चाक मिनिटाला सुमारे ७१० फेरे करते. मागच्या आसावरील गिअरचे गुणोत्तर ४.३ धरले, तर चौथ्या गिअरमध्ये एंजिनाला मिनिटाला सुमारे ३,०५० फेरे करावे लागतात. ताशी १०० किलोमीटरला हाच आकडा ३,८०० च्या वर जातो. पाच गिअरांची पेटी बसवून पाचव्याचे गुणोत्तर ०.८ ठेवले, तर ताशी ८० ला २,४५० च्या आसपास फेरे पुरतात. एंजिनाचा आवाज, झीज आणि ताप तिन्ही कमी होतात. लांबच्या प्रवासात ही सुधारणा मोठ्या एंजिनापेक्षाही सुखाची ठरते.

पण वेगाची किंमत लक्षात ठेवली पाहिजे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ८० वरून १०० झाला, म्हणजे सव्वापट झाला, की ही शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ६० किलोमीटरला आपल्या मोटारीत सुमारे १.६७ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते, तर १०० ला ४.६३ लाख. वेग दुपटीलाही पोचला नाही, पण गाडी थांबवण्याचे काम पावणेतीन पट झाले.

मोटारीच्या चारही टायरांचा रस्त्याशी होणारा स्पर्श मिळून फार मोठा नसतो, आणि सारे वळणे-थांबणे त्यावर अवलंबून असते. जुन्या टायरांत धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेद देत. रेडियल टायरात धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असतात आणि वर पोलादी पट्टा असतो. त्यामुळे वळणावरही टायर रस्त्यावर सपाट टेकून राहतो. मात्र बदलायचे तर चारही बदलावेत. दोन जातींचे टायर वळणावर निराळे वागतात आणि गाडी हातातून जाऊ शकते.

तिसरा टप्पा : रात्र आणि पाऊस

कोल्हापूर सोडताना अंधार पडला आणि पाऊस लागला असे समजू. पुढच्या दोन ६० वॉटच्या दिव्यांना १२ व्होल्टला १० अँपिअर प्रवाह लागतो. इतर दिवे ३, काच पुसणारा वायपर ४, ठिणगीची व्यवस्था ३. शिवाय रेडिएटरसाठी आपण हौसेने विजेचा पंखा बसवला असेल, तर त्याचे ८ अँपिअर. बेरीज २८ झाली. पुष्कळ जुन्या डायनॅमोंची क्षमता वीस-पंचवीस अँपिअरच्या आसपास असे, आणि एंजिन मंद फिरताना ते जवळजवळ काहीच देत नसत. गाडी रांगेत अडकली तर सारा भार बॅटरीवर येतो. ४० अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासही पुरणार नाही.

आल्टरनेटरमध्ये रचना उलटी असते. वीज निर्माण करणारी गुंडाळी स्थिर असते आणि फिरणाऱ्या भागाला थोडासाच प्रवाह द्यावा लागतो. त्यामुळे तो डायनॅमोपेक्षा पुष्कळ वेगाने फिरवता येतो आणि एंजिन मंद असतानाही वीज देतो. म्हणजे पंखा बदलला की आल्टरनेटर आलाच. आल्टरनेटर आला की जास्त प्रवाहाच्या जाड तारा आणि फ्यूज आले. जुन्या बारीक तारेत एक व्होल्ट जरी वाया गेला, तरी तारेच्या दिव्याचा प्रकाश सुमारे चतुर्थांशाने घटतो. आणि तार तापते ती वेगळीच.

एका सुधारणेमागून दुसरी कशी ओढली जाते, हे येथे स्पष्ट दिसते. मोटार म्हणजे सुट्या भागांचा ढीग नव्हे. एका भागाची ताकद वाढवली की त्याचा भार शेजारच्या भागावर पडतो.

शेवटचा टप्पा : आंबोलीची उतरण

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तेथून सावंतवाडीकडे उतरताना, बोर घाटात चढलो होतो तेवढेच, साधारण ५५० मीटर, आपण खाली येतो. तेव्हा पेट्रोल जाळून साठवलेले ६५ लाख ज्यूल आता परत मिळणार. पण ते घ्यायचे कोणी? काही भाग टायर आणि हवा यांच्या विरोधात जाईल. समजा ४० लाख ज्यूल उरले आणि ते सर्व ब्रेकवर पडले.

चार ड्रम मिळून २० किलोग्रॅम बीड मानू. एक किलोग्रॅम बिडाचे तापमान एका अंशाने वाढवण्यास सुमारे ४६० ज्यूल लागतात. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर तापमान सुमारे ४३५ अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात वाऱ्याने ड्रम निवतात, म्हणून इतके होत नाही. पण धोक्याची कल्पना यावरून येते. तापलेला ड्रम प्रसरण पावून आतल्या लायनरपासून दूर जातो. लायनरची पकड कमी होते. आणखी एक संकट ब्रेक-तेलात दडलेले असते. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रकारचे ताजे तेल २०५ अंशांखाली उकळत नाही, पण ओलावा शोषलेले तेल १४० च्या आसपासही उकळू शकते. द्रव दाबला जात नाही. वाफ मात्र दाबली जाते. मग पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

उघड्या डिस्क ब्रेकला वारा चांगला लागतो आणि तापल्यावर तबकडी पकडीपासून दूर जात नाही. पण तिला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून एंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर जोडतात. तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग ठेवले तर एक फुटला तरी दुसरा उरतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर एंजिन बंद करण्याची खोड असल्यास बूस्टरची मदतही थोड्याच वेळात संपते, हे विसरू नये.

जुने चालक सांगत की ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. त्यामागे शुद्ध विज्ञान आहे. खालच्या गिअरमध्ये चाके एंजिनाला फिरवतात, एंजिनातील घर्षण आणि हवा खेचण्याचे श्रम ऊर्जा खातात आणि ब्रेक थंड राहतात.

सुधारणांचा क्रम

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. ४० अश्वशक्तीच्या जागी ८० अश्वशक्तीचे एंजिन बसवले आणि ब्रेक तेच ठेवले, तर गाडीत ऊर्जा भरण्याची सोय वाढली, काढण्याची नाही. म्हणून योग्य क्रम असा : आधी थांबणे, म्हणजे ब्रेक, मग वळणे, म्हणजे टायर व स्टिअरिंग, मग दिसणे, म्हणजे दिवे व वायपर, मग थंड राहणे, आणि सर्वांत शेवटी वेग. सांगाड्याला घट्ट जोडलेले सीटबेल्ट तर सर्वांच्या आधी हवेत. एंजिन बदलायचे असेल तर नोंदणी अधिकाऱ्यांची परवानगीही लागते. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते; ती धूळ फुंकून उडवू नये.

करून पाहा

१. सुया काढलेल्या दोन प्लास्टिकच्या सिरिंजा बारीक नळीने जोडा आणि त्यांत पाणी भरा. एकीचा दट्ट्या दाबताच दुसरीचा लगेच सरकतो. आता नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. काय फरक पडला? ब्रेक-तेलात वाफ झाल्यावर असेच घडते.

२. आपल्या मोटारीचे ६५ लाख ज्यूल ३० अंशांचे किती लिटर पाणी उकळीला आणतील? (एक लिटर पाण्याला प्रत्येक अंशाला ४,२०० ज्यूल.)

३. शाळेजवळच्या घाटाची वरची व खालची उंची शोधा आणि तुमच्या गावच्या एसटी गाडीसाठी हाच हिशेब मांडा. ती उतरताना चालक कोणता गिअर वापरतात, ते त्यांना विचारा.

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : सुमारे २२ लिटर.)