कुंथू नका, लपवूही नका

शौचाच्या वेळी रक्त दिसलं की आपल्याकडे निदान तयार असतं: मूळव्याध. घरात सांगितलं तर सुरण खा, ताक पी, तिखट सोड. कुणालाच सांगितलं नाही तर एसटी स्टँडमागच्या भिंतीवर ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन’ असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतंच. माझ्या जाऊबाईंनी तर मला न विचारताच मूळव्याधीचं चूर्ण मागवलं होतं. डबी अजून सील न फोडता कपाटात पडून आहे, कारण मला मूळव्याध नव्हतीच.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. रोज एसटीने जाणं-येणं. शाळेतलं शिक्षिकांचं स्वच्छतागृह असून नसल्यासारखं, त्यामुळे घरून निघताना पाणी न पिण्याची सवय आम्हा बहुतेक जणींना लागलेली आहे. तहान लागली तर घोटभर, तेही दुपारनंतर. त्यात नवरात्र आलं. नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, आणि भूक मारायला चहावर चहा. साबुदाणा म्हणजे कंदापासून काढलेला निव्वळ स्टार्च. त्यात चोथा जवळजवळ नाहीच. दसऱ्याच्या आत पोटाने संप पुकारला. एका सकाळी बराच वेळ कुंथल्यावर काचेने कापावं तशी कळ उठली आणि भांड्यात लाल थेंब दिसले. नंतरची जळजळ दुपारच्या तासापर्यंत टिकली. खुर्चीवर एका कुशीवर कलून मी मुलांना पाढे म्हणायला लावले.

अशा वेळी माणूस चटकन पाणी ओतून मोकळा होतो. तसं न करता आधी नीट बघावं. रक्त लालभडक आहे की काळपट? मळाला वरून लागलेलं आहे की त्यात मिसळलेलं? शौचाला होताना दुखलं का? डॉक्टर नेमकं हेच विचारतात. कापल्यासारखं दुखून थोडंसं लाल रक्त, तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला गेलेली चीर. न दुखता शेवटी टपटप ताजं रक्त, तर आतली मूळव्याध असू शकते. मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि घाण वासाचा असेल तर रक्त वरून, जठराकडून येत असण्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो आणि बिटाच्या कोशिंबिरीने लाल, तेव्हा आदल्या दिवशी काय खाल्लं होतं तेही आठवून बघावं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगितलं. नर्स शेजारी उभी होती. तपासणी दोन मिनिटांत आटोपली. “मॅडम, चीर पडलीय. आत्ता बोट घालून तपासत नाही, उगाच दुखेल. आधी मळ मऊ करू या.” पुढचं सगळं ऐकताना मला एकच कळलं, की मलम हे जोडीला, खरं औषध म्हणजे मऊ मळ.

त्याचं कारण असं. चीर पडली की आतला स्नायू आवळून बसतो. तो आवळला की तिथला रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. दुखेल या भीतीने आपण जाणं टाळतो. आतडं मात्र मळातलं पाणी शोषत राहतं. मग उद्याचा खडा आजच्यापेक्षा टणक, आणि तो भरत आलेली चीर पुन्हा उघडतो. हे चक्र तोडलं तर ताजी चीर बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येते. सहा-आठ आठवड्यांनंतरही दुखत असेल तर ती जुनाट समजतात आणि सर्जनचा सल्ला लागतो. स्नायू सैल करणारं मलम डॉक्टर देतात ते हे चक्र तोडण्यासाठीच. त्यातल्या एका प्रकाराने डोकं भणभणतं. तसं झालं तर गुपचूप बंद न करता डॉक्टरांना सांगावं, दुसरं मिळतं.

इसबगोलाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याचा सगळ्यात जास्त गैरवापर होतो. लोक चमचाभर भुसी तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पितात. ही भुसी पाणी धरून फुगते आणि मळाला ओलावा देते. पाणीच कमी पडलं तर ती आत घट्ट होऊन आधीच्या खड्यात भर घालते. तेव्हा मोठा ग्लासभर पाण्यात ढवळायची, लगेच प्यायची, वर आणखी ग्लासभर पाणी. सुरुवात एका चमच्याने. एकदम जास्त घेतली तर पोट फुगतं. परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. ती घेतल्या घेतल्या पोट साफ होईल अशी अपेक्षा ठेवली की माणूस सोनामुखीच्या चूर्णाकडे किंवा एरंडेलाकडे वळतो. ती आतड्याला ढकलणारी औषधं आहेत. अडल्यावर एखाद्या वेळी ठीक, पण रोज रात्रीचा रतीब लावू नये. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्यात अडथळा झाला होता, त्यांनी इसबगोल परस्पर घेऊ नये. मला सुरुवातीला रात्री लॅक्ट्युलोजचं गोड पातळ औषध दिलं होतं, तेही चांगलं लागू पडलं. दुखतं म्हणून कोडीनसारख्या अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, त्यांनी बद्धकोष्ठ वाढतं.

शौचानंतर रुंद टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. स्नायू सैल होतो, ठणका उतरतो. त्यात मीठ, तुरटी, जंतुनाशक काहीही घालायचं नाही. धुताना साबण नको, पुसताना खसाखसा नको.

खाण्यात दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी यांत १०० ग्रॅममागे दहा-अकरा ग्रॅम चोथा दिलेला आहे; पॉलिश केलेल्या तांदळात तीनही नाही. दोन्ही वेळा भात खाणाऱ्याने एक वेळ भाकरी केली तरी फरक पडतो. मटकीची उसळ, गवार, पालेभाजी, पेरू, पपई हे आपलं रोजचंच आहे, वेगळं काही आणायला नको. उपवास सोडा असं मी सांगणार नाही, मीही सोडले नाहीत. फक्त खिचडीच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, रताळं, काकडी, फळं आली. सुरण आणि ताक वाईट नाही, पण त्यांनी चीर शिवली जात नाही.

बसण्याचंही सांगायला हवं. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. त्या वेळी जाऊन बसावं. कळ आली की टाळू नये. कमोड असेल तर पायांखाली लहान स्टूल घ्यावं, म्हणजे गुडघे वर येतात आणि मार्ग सरळ होतो. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठावं. मोबाइल बाहेर. तो घेऊन अर्धा तास बसणाऱ्यांच्या गुदभागातल्या शिरा फुगत जातात, आणि मग खरीखुरी मूळव्याध होते.

आता महत्त्वाचं. रक्ताचं कारण बद्धकोष्ठ आहे असं आपल्या आपण ठरवायचं नाही. आमच्या नात्यातल्या एका काकांनी मूळव्याध समजून बरेच महिने चूर्णं घेतली, आणि तपासणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. पंचेचाळिशी ओलांडलेली असेल, वजन घटत असेल, शौचाची वेळ किंवा प्रकार अलीकडे बदलला असेल, रक्त मळात मिसळून येत असेल, अशक्तपणा आणि फिकेपणा असेल, किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असेल, तर दुर्बिणीची तपासणी करायची का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. रक्त थांबत नसेल, गाठी पडत असतील, चक्कर येत असेल तर तातडीने रुग्णालय. ताप येऊन तिथे सूज आणि ठणका असेल तरही थांबू नये, पू झालेला असू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये, फोन करून विचारावं. आणि वारंवार बद्धकोष्ठ होत असेल तर एकदा थायरॉइड तपासावं.

शाळेत आता दोन बाटल्या पाणी नेते. स्वच्छतागृहाच्या किल्लीवरून मुख्याध्यापकांशी वाद झाला, तो झालाच. पण या सगळ्यानंतर माझं लक्ष वर्गाकडे गेलं. घाण संडास नको म्हणून मुलं दिवसभर दाबून धरतात. जी मुलं चवड्यांवर उभी राहून पाय आवळतात, ज्यांच्या चड्डीला डाग लागतात, जी शौचाला जायचं म्हटलं की रडतात, त्यांनाही अशीच चीर असू शकते. अशा मुलाला रागवू नये, साबणाची कांडी तर मुळीच घालू नये. सरळ बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. वर्गात कुणी दोन बोटं वर केली, तर कविता अर्धी राहिली तरी मी लगेच सोडते.