संकेतस्थळावरील ग्राहकांची मोजदाद व पानांचा वेग

शेतमालाचे उत्पादन वाढविणे जितके अगत्याचे, तितकेच तो माल योग्य वेळी व योग्य भावाने ग्राहकाच्या हाती पोचविणेही अगत्याचे होय. अलीकडे कोकणातील अनेक आंबा बागायतदारांनी व शेतकरी उत्पादक कंपन्यांनी शहरातील ग्राहकास हापूसच्या पेट्या थेट विकता याव्यात म्हणून स्वतःची संकेतस्थळे, म्हणजेच वेबसाइट, काढल्या आहेत. संकेतस्थळ निघाले म्हणजे दुकान मांडून झाले, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु पेठेतील दुकानात बसलेल्या विक्रेत्यास गिऱ्हाईक येताना दिसते व रिकाम्या हाताने परतताना ते का परतले याचाही अंदाज येतो. संकेतस्थळावर मात्र कोण आले, काय पाहिले व कोठून माघारी फिरले याचा मालकास पत्ताही लागत नाही. हापूसचा मुख्य हंगाम मार्चअखेरपासून मेअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा असतो. अढीत घातलेले फळ संकेतस्थळ दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी का घटली हे जूनमध्ये कळले, तर त्या ज्ञानाचा त्या वर्षापुरता काहीच उपयोग होत नाही.

ही उणीव भरून काढणारी साधने आज उपलब्ध असून त्यांपैकी बहुतेक विनामूल्य आहेत. ती बसविणे फारसे अवघड नाही. त्यांतील आकडे नीट वाचणे हेच खरे काम आहे, आणि त्या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना बागायतदारांस चांगले साहाय्य करता येण्याजोगे आहे.

मोजणी कशी होते

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानात काही ओळींची एक आज्ञावली बसविण्यात येते. तंत्रज्ञ तीस स्क्रिप्ट म्हणतात. ग्राहकाने पान उघडताच ही आज्ञावली मोजणीच्या साधनाकडे नोंद धाडते : कोणते पान उघडले, किती वाजता, फोनवर की संगणकावर, आणि कोणत्या ठिकाणाहून ग्राहक येथवर आला. या साधनांत सर्वाधिक परिचित असलेले साधन म्हणजे गूगल अॅनॅलिटिक्स. गूगल कंपनीने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हे साधन विनामूल्य खुले केले. आपल्या ग्राहकांची नोंद आपल्याच ताब्यातील सर्व्हरवर राहावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मॅटोमो हे दुसरे साधन आहे. त्याचे पूर्वीचे नाव पिविक असे होते.

पर्जन्यमापक झाडाखाली ठेवला तर पाऊस कमी भरतो आणि पन्हळीखाली ठेवला तर जास्त, हे कार्यकर्त्यांस सांगावयास नको. येथेही तसेच आहे. एकाच पानात आज्ञावली दोनदा बसली गेली तर पान उघडल्याची नोंद दुप्पट दिसते. मुखपृष्ठावर बसली परंतु पैसे भरण्याच्या पानावर बसावयाची राहिली, तर विक्रीच झाली नाही असे दिसते. म्हणून ती बसविल्यावर स्वतःच्या फोनवरून सर्व पाने एकेक करून उघडावीत आणि साधनातील तात्काळ अहवालात प्रत्येक पान एकदा व एकदाच नोंदले जाते काय, याची खात्री करून घ्यावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते टाळल्यामुळे पुढे संपूर्ण हंगामाचे आकडे निरुपयोगी ठरू शकतात.

आकड्यांचा अर्थही समजून घेतला पाहिजे. साधन माणसे मोजत नाही, ब्राउझर मोजते. एकाच गृहस्थाने सकाळी फोनवर व रात्री संगणकावर संकेतस्थळ पाहिले तर सामान्यतः ते दोन वापरकर्ते धरले जातात. गूगलच्या साधनात ग्राहक तीस मिनिटे स्तब्ध राहिला तर त्याची भेट संपली असे मानतात. त्यानंतर तो परत आल्यास नवी भेट सुरू होते. मोजणी अडविणारी साधने वापरणारे ग्राहक नोंदीत येतच नाहीत. उलट सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत शोधयंत्रांच्या स्वयंचलित भेटीही जमा होतात, म्हणून तेथील आकडा नेहमी फुगलेला असतो. या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून कोणी फसविले असे समजण्याचे कारण नाही. लहान संकेतस्थळाच्या बाबतीत मालक, त्याची मुले व संकेतस्थळ बांधणारा कारागीर यांच्याच भेटी पुष्कळदा मोठ्या संख्येने भरतात. त्या वगळूनच निष्कर्ष काढावा.

आणखी एक गोष्ट आंब्यासारख्या हंगामी मालाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गूगलच्या विनामूल्य खात्यात भेटींचा सविस्तर तपशील प्रारंभी केवळ २ महिने ठेवला जातो. ही मुदत खात्याच्या मांडणीत जाऊन १४ महिन्यांपर्यंत वाढविता येते, परंतु ती आपोआप वाढत नाही. ज्याने ती वाढविली नाही, त्यास या एप्रिलची गेल्या एप्रिलशी तपशीलवार तुलना करता येणार नाही. याच साधनाची जुनी आवृत्ती १ जुलै २०२३ पासून बंद झाली आणि पुढे तिच्यातील जुने अहवालही पाहावयास मिळेनासे झाले. ज्यांनी ते उतरवून ठेवले नव्हते, त्यांची अनेक वर्षांची नोंद गेली. यास्तव दर आठवड्याचे चारपाच मुख्य आकडे साध्या वहीत लिहून ठेवण्याची पद्धत, जुनाट वाटली तरी, सोडू नये.

ग्राहक कोठून येतो

अहवालात भेटींची वाटणी उगमाप्रमाणे केलेली असते : शोधयंत्रातून आलेल्या, जाहिरातीवरून आलेल्या, दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्या व थेट आलेल्या. यांपैकी ‘थेट’ हा रकाना फसवा आहे. व्हॉट्सअॅपवर पाठविलेल्या दुव्यावरून येणारा ग्राहक बहुधा कोठून आला हे कळत नाही व तो थेट आला असे नोंदले जाते. पुण्यामुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सअॅप गटांवर ज्यांचा माल खपतो, त्यांचा अर्धा व्यवहार अशा रीतीने अंधारात राहण्याचा संभव असतो. यावर उपाय सोपा आहे. दुव्याच्या शेवटी यूटीएम नावाची खूण जोडावी. या नावातील पहिले अक्षर त्याच जुन्या अर्चिन कंपनीचे आहे. प्रत्येक गटासाठी व प्रत्येक जाहिरातीसाठी निराळी खूण दिली, म्हणजे कोणत्या गटातून किती मागणी आली ते वेगळे दिसते. जाहिरातीवर खर्च करण्यापूर्वी ही व्यवस्था झालीच पाहिजे, अन्यथा कोणता पैसा फळास आला व कोणता वाया गेला हे कधीच ठरविता येणार नाही.

शोधयंत्रातून येणाऱ्यांसाठी सर्च कन्सोल हे गूगलचे दुसरे विनामूल्य साधन आहे. लोकांनी कोणते शब्द लिहून शोध घेतला, आपले पान किती वेळा दाखविले गेले व त्यावर किती जणांनी बोट ठेवले, हे त्यात १६ महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येते. पानावर सर्वत्र ‘अल्फान्सो’ लिहिलेले आणि ग्राहक मात्र ‘देवगड हापूस’ शोधत आहेत, अशी विसंगती येथे चटकन उघड होते. हापूसला २०१८ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे जिल्हे त्यात येतात. आपली बाग कोणत्या तालुक्यात आहे हे पानावर स्पष्ट शब्दांत लिहिणे म्हणूनही हिताचे आहे.

गळती कोठे होते

पाटाचे पाणी शेतापर्यंत पोचेना, तर शेतकरी पाटाच्या मुखापासून चालत जाऊन फूट शोधतो. ग्राहकाचा मार्गही असाच टप्प्याटप्प्याने तपासावा. उदाहरणादाखल असे समजा की, एका आठवड्यात १,२०० भेटी झाल्या. त्यांपैकी ४८० जणांनी पेटीचे पान उघडले, ९६ जणांनी पेटी टोपलीत टाकली, ७२ जणांनी पत्ता भरावयास घेतला आणि १८ जणांनी पैसे भरले. एकूण भेटींशी विक्रीचे प्रमाण शेकडा दीड पडले. एवढ्याच आकड्यावरून पुष्कळ मालक जाहिरात वाढविण्याचा निर्णय घेतात. तो घाईचा होय. सर्वांत मोठी संख्या पहिल्याच टप्प्यावर गळते हे खरे, परंतु ते लोक नुसते पाहावयास आलेले असतात. पत्ता भरू लागलेल्या ७२ जणांचा विचार मात्र पक्का झालेला होता, आणि त्यांतील ५४ दाराशी येऊन परत गेले. प्रथम हात घालावयाचा तो येथे.

हीच संख्या फोन व संगणक अशी वेगळी करून पाहावी. ७२ पैकी ६० जण फोनवर होते व त्यांतील ९ जणांनी पैसे भरले. १२ जण संगणकावर होते व त्यांतीलही ९ जणांनी भरले, असे निघाले तर? फोनवर शेकडा १५ व संगणकावर शेकडा ७५ असा हा फरक आहे. संगणकावरील १२ ही संख्या लहान असल्यामुळे तिच्यावर फार भार देता येणार नाही. तरीपण फोनवरील पानात काही दोष आहे काय, हे पाहण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे. आता अहवाल बाजूस ठेवून साधा फोन हातात घ्यावा व स्वतः एक पेटी मागवून पाहावी. कधी असे आढळते की, कोपऱ्यात तरंगणारे व्हॉट्सअॅपचे हिरवे वर्तुळ ‘पैसे भरा’ या बटणावरच येऊन बसले आहे. कधी पिनकोड लिहिताना वर आलेला कळफलक ते बटण झाकून टाकतो. कधी वाहतुकीचा खर्च अगदी शेवटच्या पानावर प्रथमच दिसतो आणि ग्राहक बिचकतो. हा खर्च पेटीच्या पानावरच सांगितलेला बरा. साधन गळतीची जागा दाखविते, कारण दाखवीत नाही. ते माणसानेच शोधावे लागते.

पानांचा वेग

पान उघडावयास वेळ लागला तर ग्राहक वाट पाहत बसत नाही, तो दुसऱ्या बागायतदाराच्या पानावर जातो. वेग मोजण्यासाठी गूगलने तीन मापे ठरविली आहेत. पानावरील सर्वांत मोठे चित्र किंवा मजकूर दिसण्यास लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, अडीच सेकंदांच्या आत असावा. चार सेकंदांहून अधिक असल्यास तो वाईट समजतात. बोट ठेवल्यावर पानाने प्रतिसाद देण्यास लागणारा वेळ, म्हणजे आयएनपी, एक पंचमांश सेकंदाच्या आत असावा. हे माप मार्च २०२४ पासून लागू झाले. तिसरे माप सीएलएस. पान उघडत असताना त्यातील मजकूर इकडेतिकडे सरकतो, त्याचे हे माप असून ते ०.१ पेक्षा अधिक नसावे. शंभर भेटींपैकी पंचाहत्तर भेटींत तरी या मर्यादा पाळल्या गेल्या पाहिजेत, अशी कसोटी आहे.

पेजस्पीड इनसाइट्स या विनामूल्य पानावर संकेतस्थळाचा पत्ता लिहिला की ही मापे मिळतात. त्यातील वरचा भाग मागील २८ दिवसांतील खऱ्या ग्राहकांच्या अनुभवावर आधारलेला असतो. भेटी थोड्या असल्यास तो रिकामा राहतो. खालचा भाग एका कृत्रिम चाचणीचा असून त्यात शंभरपैकी गुण दिलेले असतात. या गुणांच्या मागे लागून कारागिरास पैसे देत राहणे शहाणपणाचे नाही. ग्राहकास पेटीचे छायाचित्र केव्हा दिसले व बटण केव्हा चालले, एवढेच महत्त्वाचे.

मंदपणाचे सर्वांत मोठे कारण बागायतदाराच्या हौसेतच दडलेले असते, ते म्हणजे बागेची मोठमोठी छायाचित्रे. फोनने काढलेले एक छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे भरते. चार मेगाबाइट म्हणजे ३२ मेगाबिट. सेकंदास ४ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर त्यास ८ सेकंद लागतात. तेच छायाचित्र सुमारे १,२०० बिंदू रुंदीचे करून वेबपी या प्रकारात साठविले, तर ते बहुधा १५० किलोबाइटच्या आसपास येते व सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात पोचते. फोनच्या पडद्यावर दोन्हींत फरक दिसत नाही. प्रत्येक चित्राची रुंदी व उंची पानात आधीच नोंदवावी, म्हणजे जागा राखून ठेवली जाते व मजकूर सरकत नाही. खालच्या बाजूची चित्रे ग्राहक तेथवर पोचल्यावर उघडतील अशी योजना करावी. परंतु सर्वांत वरच्या चित्रास ही योजना लावू नये, कारण त्यामुळे तेच चित्र उशिरा येते. गप्पांची खिडकी, उडत्या जाहिराती, चक्राकार फिरणारी चित्रे यांच्या आज्ञावल्या शक्य तितक्या काढून टाकाव्यात. अशा शोभेच्या वस्तूंनी पेटी विकल्याचे क्वचितच दिसते. देवनागरी अक्षरांसाठी निरनिराळे फाँट वापरण्यापेक्षा एकच फाँट वापरल्यास भार कमी होतो.

मालकाच्या स्वतःच्या फोनवर पान नेहमीच झटकन उघडते. त्यातील चित्रे फोनमध्ये आधीच साठलेली असतात. म्हणून परीक्षा दुसऱ्याच्या, शक्यतो स्वस्त फोनवर, खासगी खिडकी उघडून व घरचे वायफाय बंद करून घ्यावी.

मोजणी करताना ग्राहकाच्या खासगीपणाचे भान ठेवणे अवश्य आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला आहे. ग्राहकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक किंवा पत्ता मोजणीच्या साधनात जाता कामा नये. गूगलच्या अटींतही त्यास मनाई आहे. काही संकेतस्थळांवर मागणी नोंदल्यानंतरच्या आभाराच्या पानाच्या पत्त्यातच ग्राहकाचा क्रमांक उमटतो व तो नकळत अहवालात जातो. तो तेथे येतो काय, हे कारागिराकडून तपासून घ्यावे.

या सर्व दुरुस्त्या मोहोराच्या दिवसांतच, डिसेंबर–जानेवारीत, उरकून घ्याव्यात. पेट्या रवाना होऊ लागल्यावर मोठा बदल करू नये. एखादा करणे भागच पडले, तर एका आठवड्यात एकच करावा व त्याची तारीख वहीत त्या आठवड्याच्या आकड्यांसमोर लिहून ठेवावी, म्हणजे मागणी वाढली किंवा घटली तर ती कोणत्या बदलानंतर, हे पाहता येईल.