पत्र्याला पहाटे घाम का फुटतो?

प्रश्न : आमचे घर तिरोडीत, आजोबांनी बांधलेले. भिंती मातीच्या, वर कवेलू. माकडांचा उच्छाद आणि दर उन्हाळ्यात कवेलू फेरण्याची कटकट यांना कंटाळून बाबांनी काही वर्षांपूर्वी पत्रे टाकले. त्याच वेळी भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर पुट्टी आणि ऑइलपेंट झाला, लाकडी खिडक्या जाऊन सरकत्या काचेच्या आल्या. तेव्हापासून थंडीत पहाटे पत्र्यावरून टपटप पाणी अंथरुणावर पडते, आणि बाहेर तर आभाळ निरभ्र! पावसाळ्यात कपाटामागे काळी बुरशी धरते, पापड दोन दिवसांत सादळतात. आई म्हणते, खिडक्या उघड्या ठेवा. मी म्हणतो, बाहेरच ओल आहे तर ती आत कशाला घ्यायची? खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही, पण वेगवेगळ्या महिन्यांत. डिसेंबरात आईंचे खरे, ऑगस्टात बऱ्याच अंशी तुमचे. आणि मे महिन्यात तुम्ही दोघे मिळून जे करत असाल, म्हणजे दारे-खिडक्या बंद करून कूलर, त्याबद्दल मला थोडे भांडायचे आहे.

आधी पत्रा. हवा जितकी गरम, तितकी ती वाफ अधिक बाळगते. एक घनमीटर हवा ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते, २० अंशांना १७, आणि १० अंशांना जेमतेम ९. तुमच्या बंद खोलीत थंडीच्या रात्री २० अंशांची, माणसांच्या वावराने दमट झालेली हवा असते. तिच्यात घनमीटरला १३ ग्रॅम वाफ सहज असेल. अशी हवा १५ अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागाला टेकली की तिथे पाणी सुटते. पत्रा मात्र रात्रभर मोकळ्या आकाशाकडे आपली उष्णता फेकत असतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे तो १० अंशांच्या खाली गेला तर नवल नाही. गवतावर दव पडते त्याच कारणाने तुमच्या पत्र्यावर दव पडते, फक्त आतल्या बाजूने. ढगाळ रात्री आकाशाकडे जाणारी उष्णता अडते, म्हणून तेव्हा टपटप कमी असते. या थंडीत लक्ष ठेवून पाहा.

आता हे पाणी येते कुठून? आपल्याकडूनच. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास पाणी सोडतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. २० अंशांना तिच्यातली सगळी हवा मिळून अर्ध्या लिटरहून थोडीच जास्त वाफ धरते. दोन माणसे आठ तासांत तेवढी सोडतात. त्यात दोरीवरचे ओले कपडे आणि न्हाणीची वाफ. आणि ज्याचा कुणी विचार करत नाही तो गॅस! स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचे पाणीच होते. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत तुमच्या स्वयंपाकघरात सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपात सोडून जातो. भाजी-वरणाची वाफ वेगळी.

चूलही वाफ सोडायचीच. पण चुलीचा धूर जायला वाट लागते, आणि ती वाट कवेलूंच्या फटींत होती. आढ्यापाशी साचलेली गरम हवा दिवसरात्र तिथून निसटायची, धुराबरोबर वाफही जायची. शिवाय कवेलू आणि मातीची भिंत दोन्ही थोडी ओल पिऊन घेतात आणि ऊन पडले की परत सोडतात. पत्रा काही पीत नाही. जुन्या घराचे गोडवे गाण्याचा मात्र माझा विचार नाही. त्या फटींतून विंचूही यायचे, आणि धुराने कितीतरी आज्यांचे डोळे आणि छाती गेली. बाबांनी पत्रे टाकले यात चूक नाही. फक्त गळणे थांबवताना हवेची वाटही बंद झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी काढली नाही.

मध्य प्रांताच्या काळातले रेल्वे क्वार्टर किंवा सरकारी बंगले आठवा. खिडकी खाली, आणि छताला लागून दोरीने उघडायचे रोशनदान. गार हवा खालून आत, गरम आणि दमट हवा वरून बाहेर, आणि यासाठी विजेची गरज नाही. तुम्हाला हेच करायचे आहे. आढ्याच्या दोन्ही टोकांच्या भिंतींत, जमेल तितक्या उंचीवर, जाळीचे झरोके ठेवा. माकड शिरणार नाही आणि पावसाची झड आत येणार नाही इतपत वरून छपरी करा. पत्र्याखाली छत करून घेणार असाल तर तेही चांगले, कारण खोलीची दमट हवा थंड पत्र्यापर्यंत कमी पोहोचते. पण छत आणि पत्रा यांच्यामधली पोकळी दोन्ही टोकांनी वाहती हवी. नाहीतर पाणी तिथे साचेल आणि तुम्हाला कळेल ते छताला डाग पडल्यावर.

खिडकीचाही एक हिशेब आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत खोलीच्या जमिनीच्या मानाने किती उघडी जागा हवी याचे प्रमाण दिले आहे : उष्ण-कोरड्या हवेत एकदशांश, उष्ण-दमट हवेत एकषष्ठांश. तिरोडी वर्षातले काही महिने पहिल्या यादीत असते, काही महिने दुसऱ्या. सरकती खिडकी कितीही मोठी घेतली तरी दोन पल्ल्यांपैकी एकच उघडतो, म्हणजे अर्धी खिडकी कायमची बंद. जुनी लाकडी खिडकी लहान असेल, पण सताड उघडायची. पुढे कधी खिडक्या बदलायची वेळ आलीच तर पल्ल्यांच्या घ्या, एवढे माझे ऐका.

थंडीत करायचे ते सोपे. जर्मनीत हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटे सगळ्या खिडक्या सताड उघडायची रीत आहे. खोलीची हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार पडायला तेवढा वेळ पुरत नाही. तुमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे बाहेर १० अंश आणि धुके असले, तरी त्या हवेत घनमीटरला नऊ ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. धुक्याची हवा आत येऊन २० अंशांना तापली की कोरडीच ठरते. न पटणारी गोष्ट आहे खरी, पण गणित चोख आहे. उठल्यावर आणि रात्रीच्या स्वयंपाकानंतर असे करा. स्वयंपाकघरातला पंखा शेगडी पेटवल्यापासून ते जेवणे आटोपेपर्यंत चालू राहू द्या. तो उंचावर आणि हवा येण्याच्या वाटेच्या समोरच्या भिंतीत हवा. पंख्याखालचीच खिडकी उघडी ठेवली, तर तो तिथली हवा ओढून तिथेच बाहेर टाकत बसतो आणि खोलीतली वाफ तशीच राहते.

आता पावसाळा, आणि तुमचा मुद्दा. जुलै-ऑगस्टात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत घनमीटरला २३ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. ही हवा २५ अंशांच्या कुठल्याही वस्तूवर पाणी सोडू लागते. तीन-चार दिवस झड लागली, घर गार पडले, मग उघडीप होऊन ऊन चमकले आणि जमिनीतून वाफ उठली, की त्या दुपारी लादी घामेजते. अशा वेळी भराभर खिडक्या उघडणे म्हणजे लादीला आणखी पाणी पाजणे. लादी तापेपर्यंत थांबा, फक्त छताचा पंखा चालू ठेवा. एरवी पावसाळ्यात बाहेरची हवा घर कोरडे करणार नाही, पण आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट होऊ नये एवढे तरी करते. म्हणून स्वयंपाकघर आणि न्हाणीचा पंखा चालूच ठेवा, कपडे खोलीत न वाळवता सपरीत वाळवा, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. बुरशीला पाण्याचे थेंब लागत नाहीत. पृष्ठभागाजवळची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिचे भागते, आणि कपाटामागे हवा हलत नाही. पापडांना मात्र घट्ट झाकणाचा डबा, दुसरा उपाय नाही.

आणि मे महिना. दुपारी ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता, म्हणजे घनमीटरला आठ ग्रॅमच वाफ : डिसेंबरच्या पहाटेइतकी, किंबहुना थोडी कमीच! घर सुकवायला याहून चांगली हवा वर्षभरात मिळणार नाही. आपण नेमका तेव्हाच कूलर लावतो, आणि तो तासाला काही लिटर पाणी आत सोडतो. कूलर लावा, तिथल्या उन्हाळ्यात त्याला पर्याय नाही हे मलाही कळते. पण समोरची खिडकी उघडी ठेवा, आणि रात्री-पहाटे काही तास कूलर बंद करून घर उघडे टाका. भिंतींची डागडुजी, रंग हेही याच दिवसांत, भिंत पूर्ण सुकल्यावर करा.

भिंतीवरच्या ऑइलपेंटाविषयी माझे मत कडक आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंट, पुट्टी आणि ऑइलपेंट म्हणजे घाम आलेल्या माणसाला रेनकोट घालणे. खालून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलावा मातीपासून सुटतो, बोटाने वाजवला तर पोकळ वाजतो. जिथे तो सुटला असेल तिथे काढून टाका आणि माती-चुन्याचा गिलावा, वर साधा चुना द्या. ओळखीचे लोक नावे ठेवतील, ठेवू द्या.

तुम्ही मँगनीजच्या गावचे आहात, म्हणून आणखी एक. भूमिगत खाणींमध्ये, तुमच्या जिल्ह्यातल्या भरवेलीसारख्या, हवेची ओल मोजायला दोन थर्मामीटर वापरतात : एकाच्या फुग्याला ओली चिंधी, दुसरा कोरडा. ओल्याचा पारा कोरड्यापेक्षा जितका खाली, तितकी हवा कोरडी. ओल्याचा पारा ३०.५ अंशांच्या वर गेला तर तिथे सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती हवी, आणि ३३.५ च्या वर तो जाताच कामा नये, असा खाणींचा नियम आहे. ही जोडी घरीही करता येते. नाहीतर आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळते. ते आत-बाहेर दोन्हीकडे ठेवून पाहा. आईंशी वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

हे सगळे पापडांसाठी नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. घरात वायुवीजनाची नीट सोय नव्हती. त्याच्या पालकांनी वारंवार तक्रारी केल्या, तर ओल तुमच्या राहण्याच्या पद्धतीमुळे येते असे त्यांना ऐकवले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष आला आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद झाली. स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणे हा कुणाचा दोष नसतो. घरात बाळ किंवा दमेकरी असेल तर कपाटामागची बुरशी या आठवड्यातच काढा, तोंडाला फडके बांधून आणि ओल्या कपड्याने, कोरड्या झाडूने नव्हे.

प्रश्न : भिंत ओली आहे, पण ओल खालून चढते, वरून झिरपते की हवेतून बसते, हे कसे ओळखावे? (कटंगी)

उत्तर : भिंतीच्या ओल्या जागेवर हाताएवढा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी पाहा. तुकड्याच्या खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतून बसते, तिथे खिडकी-पंख्याचा उपयोग होईल. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतूनच येते. ते जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत असून लोणा धरलेला असेल तर जमिनीतून चढते आहे. भिंतीलगतची नाली, अंगणाचा उलटा उतार, जोत्याला टेकलेला मातीचा ढीग आधी पाहा. पाऊस पडल्यावर तासाभरात डाग मोठा होत असेल तर स्लॅबची भेग किंवा खिडकीवरचा छज्जा. या दोन्हींवर कितीही वारा खेळवला तरी इलाज होत नाही, फक्त पोपडे जरा उशिरा पडतात.

प्रश्न : पावसाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून खोली कोरडी करतात. ठीक आहे का? (तुमसर)

उत्तर : नाही. शेगडीने खोली तापते आणि कोरडी वाटते, पण बंद खोलीत धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत गरम केलेल्या कापडाने द्या. निखारे त्या खोलीत नकोत, खिडकी किलकिली ठेवली तरी नकोत. कपडे आणि दुपटी इस्त्रीने सुकवा, आणि जमल्यास बाळंतिणीची खाट घरातल्या सर्वांत कोरड्या, आतल्या भिंतीपाशी हलवा.