पाठ : आजीची वही आणि चौकड्यांचा मफलर

लंडनमधील एका घरात कपाटाच्या तळाशी आजीची विणकामाची वही सापडली. पाने पिवळी पडली होती, पण अक्षर स्वच्छ होते. एका पानावर लिहिले होते : ‘मफलर. सुया नं. ८. टाके ४०. ५ सु., (५ सु., ५ उ.) तीनदा, ५ सु. ओळी ६. मग उलटापालट.’

नातीला मराठी बोललेले समजे. वाचताना मात्र अक्षरे जुळवावी लागत. आजीला चकित करावे म्हणून तिने कोणाला न विचारता ८ मिलिमीटरच्या सुया आणि डबल निटिंग लोकरीचे गुंडे आणले व विणायला बसली. वीतभर विणून झाल्यावर पाहते तो काय, हातात मफलर नव्हताच. कोळ्याचे जाळे होते!

आजी हसली. म्हणाली, “अगं, माझा आठ नंबर म्हणजे तुझे चार मिलिमीटर. उसव ते सगळे. लोकर कुठे जात नाही.”

आजीची बोटे आता आखडली आहेत. सुया धरवत नाहीत. ती करून दाखवू शकत नाही, फक्त सांगू शकते, आणि तेही मराठीतच. म्हणून नातीला आधी शब्द शिकावे लागले.

सुयांचे नंबर

आजीच्या पिढीने वापरले ते जुने ब्रिटिश नंबर. भारतात विणणाऱ्या बायका अजून तेच सांगतात. त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. नं. ८ म्हणजे ४ मिलिमीटर, नं. १० म्हणजे ३.२५ आणि नं. १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर. ब्रिटनमधील दुकानांत आता मिलिमीटरच चालतात आणि तेथे आकडा मोठा तर सुई जाड. जुनी वही वाचताना हे आधी पाहावे.

सुलट आणि उलट

‘सु.’ म्हणजे सुलट टाका, ‘उ.’ म्हणजे उलट टाका. सुलट विणताना धागा सुयांच्या मागे असतो, उलट विणताना पुढे. सुलट टाका गव्हाच्या लोंबीतील दाण्यांसारखा तिरपा व गुळगुळीत दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा. खरे म्हणजे टाका एकच आहे : सुलट टाक्याची पाठ म्हणजे उलट टाका.

सगळी समोरची बाजू सुलट ठेवली, तर पट्टी कडेने गुंडाळत जाते. सुलट आणि उलट सारखे वाटून घेतले, की ती सपाट राहते. चौकड्यांचा मफलर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, म्हणून गळ्याभोवती कसाही टाकला तरी चालतो.

कृती

४ मिलिमीटरच्या सुया व २०० ग्रॅम डबल निटिंग लोकर घ्यावी. रुंदी साधारण १८ सेंटिमीटर होते.

१. सुईवर ४० टाके घालावेत. पहिल्या ६ ओळी पूर्ण सुलट विणाव्यात.

२. पुढील ६ ओळी : ५ सुलट, मग ५ सुलट, ५ उलट असे तीनदा, शेवटी ५ सुलट.

३. त्यापुढील ६ ओळी : ५ सुलट, मग ५ उलट, ५ सुलट असे तीनदा, शेवटी ५ सुलट. वहीतील ‘उलटापालट’ ती हीच.

४. या १२ ओळी पुन्हा पुन्हा विणाव्यात. लांबी १५० सेंटिमीटरच्या आसपास आली, की चौकड्यांची रांग पुरी करून ६ ओळी सुलट विणाव्यात.

५. टाके बंद करावेत : दोन टाके सुलट विणून पहिला दुसऱ्यावरून ओढून सोडावा, मग एकेक विणत तसेच पुढे जावे.

सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणावा. तो सुईवरून आणला, तर एक टाका वाढतो आणि ४० चे ४१ होतात. नातीचे दोनदा तसेच झाले. तेव्हापासून ती दर सहा ओळींनी टाके मोजते.

अशी केवळ सुलट-उलट टाक्यांची नक्षी ब्रिटनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गर्द निळ्या ‘गॅन्सी’ स्वेटरांवरही असते. शेटलंडच्या फेअर आयल बेटावरची नक्षी मात्र रंगांची. तिच्यात एका ओळीत दोनच रंग घेतात व नको असलेला धागा मागून नेतात.

शब्बाथ आणि लोकर

कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सुयांनाही तीच सुटी. मिश्नात शब्बाथला वर्ज्य अशी ३९ कामे मोजली आहेत. त्यांत लोकर कातरणे, रंगवणे, कातणे आणि विणणे ही आहेत. डिसेंबरात लंडनला सूर्य चार वाजण्याआधीच मावळतो. म्हणून शुक्रवारी हातातली ओळ वेळेवर पुरी करावी, कागदावर ओळींचा आकडा मांडावा आणि मग दिवे लावावेत.

तोरात लोकर व लिनन एकत्र असलेले वस्त्र घालण्यास मनाई आहे (अनुवाद २२:११). म्हणून गुंड्यावरची चिठ्ठी वाचावी, आणि टोके लिननच्या दोऱ्याने शिवू नयेत. सुती दोरा चालतो.

नातीचा मफलर आता निम्मा झाला आहे. वहीच्या त्याच पानावर, आजीच्या अक्षराखाली, तिने स्वतःच्या हाताने लिहिले आहे : ‘नं. ८ म्हणजे ४ मि.मी.’ आजीने ते वाचले आणि ‘म्हणजे’चे शुद्धलेखन बरोबर आहे, एवढेच म्हणाली.

स्वाध्याय

१. मफलर ५० टाक्यांचा करायचा असेल, तर मधला भाग किती वेळा विणावा लागेल?

२. वहीत ‘सुया नं. १०’ असेल, तर दुकानात कोणत्या सुया मागाल?

३. टाका, गुंडा, उसवणे, उलटसुलट हे शब्द वापरून वाक्ये करा.

४. घरातील वडीलधाऱ्यांना येणारी एक वीण विचारा आणि ती मराठीत लिहून आणा.